मकारोव, मोरोझोव आणि टॉल्स्टॉय

आपल्या स्मरणिकेत दर वर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यावयाचे, ही मंडळाची जुनी प्रथा. आजवर संत झाले, राण्या झाल्या, समाजसुधारक झाले. यंदा ते काम माझ्याकडे आले आणि चरित्र कोणाचे हेही माझ्यावरच सोपवण्यात आले. मी टॉल्स्टॉयचे नाव काढताच एक-दोघींनी नाक मुरडले. ती जाडजूड पुस्तके, ती उच्चारता न येणारी नावे, आपल्याला काय करायची, असे त्यांचे म्हणणे. म्हणून आधीच सांगते की, 'युद्ध आणि शांती' लिहिणाऱ्या टॉल्स्टॉयविषयी मला फारसे सांगायचे नाही. त्यांच्याविषयी सांगणारे विद्वान पुष्कळ आहेत. संध्याकाळी सात वाजता खेड्यातल्या दोन पोरांना जवळ घेऊन जो गोष्ट लिहायला बसला आणि रात्रीचे अकरा वाजले तरी ज्याला भान राहिले नाही, त्या टॉल्स्टॉयची ओळख मला आपणां सर्वांना करून द्यायची आहे. आपण शनिवारी मंडळाच्या खोलीत मुलांचे वाचनालय चालवतो, त्या कामी ती उपयोगी पडेल असे मला वाटते.

ल्येव निकोलायेविच टॉल्स्टॉय यांचा जन्म १८२८ साली रशियात तुला शहराजवळच्या यास्नाया पोल्याना या गावी झाला. गाव कसले, त्यांच्या आजोळची जहागीरच ती. घराणे उमरावाचे; जमीन, जंगल, तळी आणि त्याबरोबर शेकडो माणसे मालकीची. आई गेली तेव्हा ल्येव पुरता दोन वर्षांचाही नव्हता. आईचा चेहरा त्याला आठवणे शक्यच नव्हते आणि दुर्दैव असे की, तिची एक काळी छायाकृती तेवढी घरात होती, धड चित्र नव्हते. ती गोष्टी फार सुरेख सांगत असे, एवढे मात्र तो लहानपणापासून ऐकत आला. नववे वर्ष लागते न लागते तोच वडीलही गेले. मग आत्या आणि आत्यासारख्याच एका दूरच्या नातलग बाईने, तात्याना यांनी, या भावंडांना वाढवले. ज्या घरात आई नाही, त्या घरात मुलांना मायेने सांभाळणारी एखादी बिनलग्नाची बाई असली म्हणजे किती निभावते, हे आपल्यापैकी अनेकींनी पाहिले आहे.

या भावंडांची एक गंमत सांगण्यासारखी आहे. १८३५ साली, म्हणजे ल्येव सातेक वर्षांचा असताना, त्यांनी घरच्या घरी एक हस्तलिखित मासिक काढले. त्याचे नाव मुलांची करमणूक अशा अर्थाचे होते. त्यात छोट्या ल्येवने पक्ष्यांवर लिहिले : गरुड, ससाणा, घुबड, पोपट, मोर वगैरे, एकेकावर दोन-चार वाक्ये. सर्वांत थोरला भाऊ निकोलाय हा तर कल्पनांचे आगरच. त्याने धाकट्यांना सांगितले होते की, जंगलातल्या ओढ्याच्या काठी एक हिरवी काडी पुरून ठेवली आहे, आणि जगातली सगळी माणसे सुखी कशी होतील याचे गुपित तिच्यावर लिहिलेले आहे. ही काडी टॉल्स्टॉय जन्मभर विसरले नाहीत.

तरुणपणाचा भाग मी भराभर उरकते, कारण तो फारसा कौतुकाचा नाही. कझानच्या विद्यापीठात १८४४ साली प्रवेश, तीन वर्षांनी पदवीशिवायच बाहेर; पुढे जुगार, कर्ज, पश्चात्ताप, रोजनिशीत रोज नवे संकल्प. १८५१ साली निकोलायबरोबर कॉकेशसला गेले आणि लष्करात शिरले. तिथे 'बालपण' हे त्यांचे पहिले पुस्तक लिहून झाले. १८५२ साली सेंट पीटर्सबर्गच्या एका नामांकित मासिकात ते नुसत्या आद्याक्षरांनिशी प्रसिद्ध झाले. संपादकाने परस्पर नाव बदलून माझ्या बालपणाचा इतिहास अशा अर्थाचे केले, तेव्हा चोवीस वर्षांच्या या लेखकाला अतिशय राग आला. माझ्या बालपणाशी कोणाला काय कर्तव्य, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या लेखणीतून उतरलेल्या चार अक्षरांना दुसऱ्याचा हात लागला म्हणजे काय वाटते, हे त्यांना असे स्वतःवरून ठाऊक झाले होते. पुढे सेवास्तोपोलचे युद्ध झाले, त्याच्या हकिगती लिहून झाल्या, नाव झाले. आणि राजधानीतल्या साहित्यिकांच्या बैठकांचा वीट येऊन हे गृहस्थ घरी परतले.

घरी येऊन त्यांनी काय केले? १८५९ साली गावातल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली.

आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. पण त्या वेळी रशियातला शेतकरी हा भूदास होता. जमिनीबरोबर तोही मालकाचा. ही गुलामगिरी कायद्याने उठली ती १८६१ साली. म्हणजे शाळा निघाली तेव्हा तीत येऊन बसणारी बहुतेक पोरे कायद्याने कोणाच्या तरी मालकीची होती. आपली मालमत्ता आपल्या समोर पाटी घेऊन बसली आहे आणि आपण तिला अक्षर शिकवतो आहोत, असा तो प्रकार. फी नाही, छडी नाही, हे ऐकून आईबापांना आधी संशयच आला. फुकट काही मिळते म्हणजे त्यात धन्याचा काहीतरी डाव असलाच पाहिजे!

१८६० च्या उन्हाळ्यात टॉल्स्टॉय युरोपला गेले. क्षयाने आजारी असलेला लाडका भाऊ निकोलाय त्याच प्रवासात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. त्या दुःखातही त्यांनी जर्मनी, फ्रान्स आणि इंग्लंडमधल्या शाळा पाहिल्या, आणि बहुतेक ठिकाणी त्यांना एकच दिसले : घाबरलेली मुले आणि घोकंपट्टी. मार्सेय शहरात मात्र त्यांच्या ध्यानात आले की, लोक शहाणे आहेत, पण ते शहाणपण त्यांनी शाळेत मिळवलेले नाही; ते रस्त्यावर, दुकानात, स्वस्त कादंबऱ्यांत आणि तमाशा-नाटकांत मिळवलेले आहे.

१८६१ च्या वसंतात परतल्यावर त्यांनी शाळा पुन्हा जोमाने सुरू केली. दगडी बांधणीचे दुमजली घर, दर्शनी ओसरीवर टांगलेली घंटा, चार शिक्षक, पटावर चाळीसएक मुले. मुलांनी येताना काही आणायचे नाही. पुस्तक नाही, वही नाही आणि घरचा अभ्यास म्हणून डोक्यात ओझेही नाही. वाटेल तिथे बसावे, खिडकीत, बाकावर, जमिनीवर. कंटाळा आला तर उठून घरी जावे. आपल्याकडच्या कोणत्याही बाईंना हे वाचून घेरी यावी! मला स्वतःला साठ मुलांच्या वर्गाचा अनुभव आहे, तेव्हा ही मोकळीक चाळीस मुलांना आणि चार शिक्षकांना परवडते, हे मी मनाशी नोंदवून ठेवले. दुसरेही एक नोंदवले : मुली अगदी थोड्या, बोटांवर मोजण्याइतक्या. पुढे जे घडले ते सगळे मुलग्यांच्या बाबतीत घडले.

आता मूळ गोष्टीकडे येते. टॉल्स्टॉयनी ती १८६२ साली स्वतःच एका लांबलचक निबंधात लिहून ठेवली आहे. लिहायला कोणी कोणाकडून शिकायचे, शेतकऱ्यांच्या पोरांनी आमच्याकडून की आम्ही त्यांच्याकडून, असा त्या निबंधाच्या नावातच सवाल आहे.

मुलांना निबंध घालून ते थकले होते. शाळेची खोली, जंगल, घोडा असले सोपे म्हणून समजले जाणारे विषय दिले की, मुलांच्या डोळ्यांत पाणी यायचे. त्या हिवाळ्यात एकदा ते म्हणींचे एक पुस्तक वाचता वाचता तसेच हातात घेऊन वर्गावर आले. त्यात एक म्हण होती, चमच्याने भरवणाऱ्याने त्याच चमच्याच्या दांड्याने डोळा फोडावा अशा अर्थाची. उपकार करायचे आणि मग ते बोलून दाखवायचे, हा तिचा रोख. या म्हणीवर गोष्ट लिहू या, असे त्यांनी सुचवले. मुले गप्प. हे आपले काम नव्हे, असे प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होते. तेव्हा त्यांनी सांगितले की, मीही लिहितो, तुम्हीही लिहा, पाहू कोणाचे चांगले होते. आणि ते खरोखरच टेबलापाशी बसून लिहू लागले.

रशियातला तेव्हाचा एक नामवंत लेखक आणि त्याच्या पाठीवरून डोकावणारी पोरे! एका गरीब शेतकऱ्याने थंडीत कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्या भिकाऱ्याला घरात घेतले, अशी सुरुवात त्यांनी केली. पहिले पान वाचून दाखवले. मुलांना ते आवडले नाही, आणि त्यांनी तसे स्पष्ट सांगितले. म्हातारा असा बोलणार नाही, बायको आधी असे करील, मग तसे होईल. हळूहळू लेखणी टॉल्स्टॉयच्या हातात राहिली, पण गोष्ट मुलांची झाली. बाकीची मुले एकेक करून पांगली आणि दोघे उरले. एक स्योमका, आडनाव मकारोव. दुसरा फेदका; हे त्याचे निबंधातले नाव, खरे नाव वसीली मोरोझोव. अकरा-बारा वर्षांची पोरे.

दोघांच्या तऱ्हा वेगळ्या होत्या आणि टॉल्स्टॉयनी त्या फार बारकाईने टिपल्या आहेत. स्योमकाला जे डोळ्यांनी दिसते ते सगळे हवे. म्हाताऱ्याच्या सालपटांच्या चपला थंडीने कडक झालेल्या. त्या वितळू लागल्यावर त्यांतून ओघळणारा चिखल. घरधनिणीने त्या भट्टीत टाकल्यावर त्यांचे झालेले वाळके तुकडे. फेदकाला हे सगळे दिसे, पण त्याला तेवढेच हवे असे, ज्याने त्या माणसाविषयी आत काही हलते. म्हाताऱ्याच्या पायांना गुंडाळलेल्या चिंध्यांत बर्फ शिरले आहे, हे त्याला दिसले. आणि एकदा, गावातला एक सोयरा घाईने या घरी येतो असा प्रसंग आला, तेव्हा फेदकाने सांगितले की, त्याने अंगात बायकोचा कोट घातला आहे असे लिहा. बायकोचाच का? पुरुषाचा का नको? असे विचारून पाहिले, तर त्याला कारण देता येईना. पण नको, बायकोचाच बरा, एवढे मात्र तो ठामपणे म्हणाला. टॉल्स्टॉय त्यावर विचार करीत राहिले. घाईत हाताला जे लागले ते माणसाने अंगावर ओढले. घर केवढे, त्यातली खुंटी कुठे, नवराबायकोचे चालते कसे आणि हा सोयरा अंगाने किती किरकोळ, हे सगळे त्या एका कोटात आले. स्वतःला हे कधी सुचले नसते, असे त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे.

वाचकभगिनींनो, इथे मला माझी एक जुनी गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मी तिसरीत होते. निबंधाचा विषय पाऊस. मी लिहिले होते की, पावसाळ्यात आमची आजी सरपणाच्या सुक्या काटक्या आपल्या खाटेवर ठेवते आणि स्वतः खाली निजते. त्या वाक्यावर तांबड्या शाईची आडवी रेघ आली आणि शेजारी विषयाला सोडून असा शेरा. निबंधात ढग, मोर, बेडूक, इंद्रधनुष्य आणि शेतकरीराजाचा आनंद असावा लागतो, हे मी त्या दिवशी शिकले आणि पुढची सगळी वर्षे तसेच निबंध लिहून चांगले गुण मिळवले. टॉल्स्टॉयच्या निबंधात तो बायकोचा कोट वाचला, तेव्हा माझ्या आजीची ती खाट मला पन्नास वर्षांनी पुन्हा दिसली.

असो. सातला सुरू झालेले ते लेखन अकराला थांबले. मुलांना ना भूक, ना झोप. टॉल्स्टॉय लिहायचे थांबले की उलट तीच रागवत. हे छापायचे का, असे फेदकाने मध्येच विचारले. छापायचे, असे उत्तर मिळाल्यावर त्याने तत्काळ सांगून टाकले की, मग वर लिहायचे, मकारोव, मोरोझोव आणि टॉल्स्टॉय यांची कृती. नावांचा क्रमसुद्धा त्यानेच ठरवला, जहागीरदार सर्वांत शेवटी! ज्या पोराचा बाप वर्षापूर्वी कायद्याने भूदास होता, त्याच्या तोंडून हे निघाले, आणि ज्यांच्या बाबतीत निघाले त्यांना त्यात काहीच वावगे वाटले नाही. त्या रात्री टॉल्स्टॉयना आनंदही झाला आणि भीतीही वाटली. जे पाहण्याचा माणसाला अधिकार नाही असे काही आपण चोरून पाहिले, असे त्यांना वाटत राहिले.

पुढे एक अनर्थ झाला. मधल्या दिवसांत कोणीतरी मुलांना कागद दुमडून खेळणी करायला शिकवले. शाळेत त्याचे वेड पसरले आणि हाताला लागेल तो कागद खपू लागला. त्या गोष्टीचे तीन ताव त्यातच गेले आणि शेवटी भट्टीत जळाले. एवढ्या पुस्तकांच्या धन्याने त्या तीन तावांसाठी जेवढे दुःख केले, तेवढे कोणत्याही नुकसानीसाठी केले नव्हते. त्यांचा चेहरा पाहून फेदका आणि स्योमका पुढे आले आणि आम्ही पुन्हा लिहून देतो, असे म्हणाले. रात्री शाळा सुटल्यावर दोघे घरी आले, अभ्यासिकेत शिरले आणि दाराला आतून कडी घातली. आधी हसण्याचा आवाज आला, मग शांतता, मग हलक्या आवाजातला वाद आणि लेखणीची कुरकुर. मध्यरात्री दार ठोठावून टॉल्स्टॉय आत गेले. मोठ्या टेबलाशी उभा राहून स्योमका वेड्यावाकड्या ओळी लिहीत होता. त्याच्या कोटाच्या पाठीवर नुकतेच लावलेले पांढऱ्या कातड्याचे मोठे ठिगळ. फेदका खुशाल आरामखुर्चीत पायावर पाय टाकून बसलेला, हातात कात्री, डोळे चमकत आहेत आणि तोंडाने मजकूर सांगणे चालू आहे. लेखकाच्या खुर्चीत लेखक बसला होता, दुसरे काय!

यास्नाया पोल्याना याच नावाचे एक शिक्षणविषयक मासिक टॉल्स्टॉयनी १८६२ साली काढले. त्याचे बारा अंक निघाले आणि त्याबरोबर मुलांसाठी छोट्या पुस्तिका. ही गोष्ट त्यांत छापली गेली. नंतर फेदकाने आणखी एक गोष्ट रचली, एका शिपायाच्या बायकोच्या हालअपेष्टांची, तिच्या मुलाने सांगितलेली. तीही छापली गेली. हिच्यासारखे रशियन साहित्यात काही नाही, गटेसारख्या महाकवीलाही ही उंची गाठता आली नाही, असे टॉल्स्टॉय लिहून गेले. हे बोलणे भारावलेल्या माणसाचे आहे, ते तसेच्या तसे घेऊ नये. मुले मुळातच परिपूर्ण असतात आणि आपण मोठी माणसे त्यांना बिघडवतो, असा एक सिद्धान्तही त्यांनी त्यातून काढला. तो मला पुरता पटत नाही. ती पोरे एकटी सोडली असती तर गोष्ट झाली नसती. ती झाली, कारण एक मोठा माणूस शेजारी बसून लिहीत होता.

आणि खरे म्हणजे हे त्यांनाही कळले होते. निबंधाच्या शेवटी त्यांनी शिक्षकांसाठी जे लिहिले आहे, ते मला त्या सिद्धान्ताहून मोलाचे वाटते. मुलाला लिहिणे अवघड जाते ते मजकूर थोडा की फार यामुळे नव्हे. डोक्यात आलेल्या दहा गोष्टींतली एक निवडायची, तिला शब्द शोधायचे, आधी काय आले ते लक्षात ठेवायचे, तेच तेच टाळायचे, मागचे पुढच्याशी जोडायचे आणि हे सगळे करत असताना पुन्हा हातानेही लिहायचे, ही एकदम सगळी कामे अंगावर आली की मूल बावरते. म्हणून आरंभी त्यांतली बरीचशी त्यांनी आपल्याकडे घेतली. निवडीसाठी दोन-तीन गोष्टी पुढे ठेवायच्या, आठवण करून द्यायची, लेखणी आपण चालवायची. मग एकेक काम मुलाकडे सोपवत जायचे. विषय लहानांचा म्हणून पुळचट द्यायचा नाही. ज्यात आपल्याला स्वतःला गोडी आहे असा गंभीर विषय द्यायचा. वाचायला मुलांनीच लिहिलेले द्यायचे. आणि लिहिलेले वाचताना अक्षर, वही, शुद्धलेखन, वाक्यरचना यांविषयी चकार शब्द काढायचा नाही.

हे शेवटचे वाचून आपल्या कार्यकारिणीत बराच खल झाला, तो सर्वांना ठाऊक आहेच. शनिवारच्या वाचनालयातल्या मुलांचे लेखन या स्मरणिकेत छापायचे, तर ते सुधारून छापावे की जसेच्या तसे? दोन्ही बाजूंना शहाण्या भगिनी होत्या. ऱ्हस्वदीर्घ तेवढे छपाईच्या वेळी नीट करावे आणि वाक्याला हात लावू नये, असे अखेर ठरले. तसे मुलांच्या पानांत दिसेल. चौथीतल्या एका मुलीने आपल्या नावापुढे आईचेही नाव घालायला सांगितले, कारण गोष्टीतली म्हैस आईनेच सांगितली होती. ते घातले आहे. निबंधस्पर्धेच्या वह्यांत जे आईचे अक्षर आणि काकांची भाषा दिसते, त्यापेक्षा हा सहलेखनाचा कबुलीजबाब किती तरी सरळ!

टॉल्स्टॉयच्या शाळेचे पुढे काय झाले ते सांगायला हवे. १८६२ च्या उन्हाळ्यात ते घोडीचे आंबवलेले दूध प्रकृतीसाठी घ्यायला समाराच्या माळरानावर गेले. बरोबर दोन विद्यार्थी नेले, त्यांत आपला फेदका होता. मागे घरावर पोलिसांची धाड पडली. चोरटा छापखाना सापडेल अशी त्यांची अपेक्षा होती. दोन दिवस झडती झाली, घरातल्या वृद्ध बाईची आणि बहिणीची तारांबळ उडाली, खाजगी रोजनिशा उघडून वाचल्या गेल्या. सापडले काहीच नाही. टॉल्स्टॉयनी झारकडे दाद मागितली, पण मन विटले ते विटलेच.

त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचे लग्न झाले. ते चौतीस वर्षांचे, वधू सोफिया अठरा वर्षांची. शाळा मागे पडली, मासिक बंद झाले आणि 'युद्ध आणि शांती' सुरू झाले. इथे मला सोफियाबाईंविषयी एक सांगायचे आहे, ते आपल्या मंडळात सांगितले नाही तर सांगायचे कुठे? लग्नाआधी त्या मुलीनेही एक गोष्ट लिहिली होती आणि टॉल्स्टॉयना वाचायला दिली होती. लग्नाच्या आधीच तिने ती जाळून टाकली. पुढे तेरा बाळंतपणे, घरादाराचा सगळा कारभार आणि रात्री नवऱ्याच्या हस्तलिखिताच्या पुन्हा पुन्हा नकला. जन्मभर रोजनिशी मात्र तिने लिहिली, आणि ती आज जगभर वाचली जाते. दोन शेतकरी पोरांचे तीन ताव जळाले म्हणून हळहळणाऱ्या त्या माणसाच्या बायकोचेही कागद जळले होते, याची नोंद मला करावीशी वाटते.

मुलांची ओढ टॉल्स्टॉयना सुटली नाही. १८७२ साली त्यांनी 'मुळाक्षरे' म्हणून मुलांसाठी मोठे पाठ्यपुस्तक काढले, त्यासाठी छोट्या छोट्या गोष्टी स्वतः लिहिल्या आणि त्या वर्षी घरातच पुन्हा शाळा भरवली. या खेपेला सोफियाबाई आणि मोठी मुलेही शिकवायला बसत. मग 'आना कारेनिना', मग आत्मशोधाची वादळे, मालमत्तेचा आणि उमरावीचा तिटकारा. त्यांचे 'कला म्हणजे काय?' हे पुस्तक साने गुरुजींनी मराठीत आणले. दक्षिण आफ्रिकेतून गांधीजींनी त्यांच्याशी पत्रव्यवहार केला आणि १९१० साली जोहान्सबर्गजवळच्या आपल्या आश्रमवजा वसाहतीला टॉल्स्टॉय फार्म असे नाव दिले. तिथे गांधीजी स्वतः मुलांना शिकवीत, हेही आपल्याला माहीत आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्याऐंशी वर्षांचे टॉल्स्टॉय एका रात्री घर सोडून निघाले आणि आस्तापोवो या लहानशा स्टेशनात, स्टेशनमास्तरांच्या घरी, त्यांचा अंत झाला. यास्नाया पोल्यानाच्या जंगलात, जिथे ती हिरवी काडी पुरली असे निकोलाय सांगत असे, तिथेच त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना पुरले. कबरीवर क्रूस नाही की दगड नाही. नुसता हिरवळीचा उंचवटा आहे.

आणि फेदका? वसीली मोरोझोव मोठा झाला, संसारी झाला, तुला शहरात भाड्याची घोडागाडी हाकू लागला. लिहायची सवय मात्र राहिली. १९०८ साली त्याची एक गोष्ट रशियातल्या एका प्रतिष्ठित मासिकात प्रसिद्ध झाली, आणि तिला प्रस्तावना होती टॉल्स्टॉय यांची. गुरू तेव्हा ऐंशीचे झाले होते आणि शिष्य साठीच्या घरात. पुढे मोरोझोवने यास्नाया पोल्यानाच्या त्या शाळेच्या आठवणी लिहून काढल्या. पुस्तकरूपाने त्या १९१७ साली निघाल्या. तोवर तोही हयात नव्हता. पुस्तकावर लेखक म्हणून नाव एकट्या त्याचे आहे.